छतावरची लेक

"मावशी, खाली बघू नका म्हणजे झालं," रंगारी म्हणाला आणि त्याने वरच्या फळीवरून हात पुढे केला.

मावशींना खाली बघायचंच नव्हतं. खालून वर बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता. गावच्या चर्चच्या भिंती दगडी, आजोबा-पणजोबांनी खाणीतून वाहून आणलेल्या. त्या भिंतींना दगडी घुमट काही पेलेना, म्हणून छत लाकडी झालं आणि ते रंगवायला बाहेरून एक चित्रकार आला. देवदूतांसाठी त्याने गावातलीच पोरं समोर बसवली. त्यातल्या एका देवदूताला आता टक्कल पडलं होतं आणि तो चौकात टायर विकत होता. वेदीच्या वरची, झालरीच्या कॉलरची, ती मावशींची लेक. छत पुरं झालं त्याच हिवाळ्यात ती तापाने गेली. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला होता.

तेव्हापासून मावशी दर रविवारी त्याच बाकावर, मान वर करून. प्रवचन कसलं नि काय! फादरांनीही केव्हाच हात टेकले होते. आता छताची डागडुजी निघाली, परांची बांधली गेली आणि मावशींनी हट्टच धरला. एकदा तिच्या गालावरून हात फिरवायचाय.

गुडघे कुरकुरत होते. शेवटची फळी आली तशी त्यांनी रुमालाने चष्मा पुसला.

समोर गुलाबी रंगाचे ओबडधोबड फटकारे होते. त्यांत दोन काळे ठिपके. मावशींनी स्वतः शिवलेली ती झालर म्हणजे पांढऱ्या रंगाचा नुसता लपेडा.

"ही नव्हे," मावशी म्हणाल्या. "माझी कुठंय?"

"हीच, मावशी. लांबून नीट दिसावं म्हणून असंच ढोबळ काढतात." रंगारी ओशाळला, जणू चूक त्याचीच. "असं करू या, तुम्ही सांगा, मी काढतो. नाक कसं होतं तिचं?"

मावशींनी सांगायला तोंड उघडलं. मग डोळे मिटून आठवून बघितलं. आठवत होतं ते छतावरचंच नाक, खालून दिसणारं. त्याच्या मागचं खरं नाक काही केल्या हाती लागेना.

गालावरून फिरवायला उचललेला हात त्यांनी मागे घेतला. "राहू दे बाबा. तूही हात नको लावूस तिला."

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आपल्या बाकावर बसून त्यांनी दम खाल्ला आणि भीत भीत मान वर केली. फळ्यांच्या पलीकडे फटकाऱ्यांचा पुन्हा गाल झाला होता. झालरीची चुणी न् चुणी दिसत होती. डोळे तेवढे रंगाऱ्याच्या खांद्याआड गेले होते.

"सरक रे बाबा जरा!" मावशींचा आवाज कमानींत घुमला. "तिला मी दिसत नाहीये."