खिडकीतली मुलगी

शहराला तीनशे वर्षं झाली म्हणून काढलेलं, स्वतः कोरलेलं पदक जावयानं सगळ्यांत आधी सासऱ्यांच्या हातात ठेवलं. "तुमच्याच हाताखाली शिकलो, बाबा. पहिला मान तुमचा."

बाबांनी उभा जन्म पदकांचे साचे कोरले होते. या पदकाच्या स्पर्धेसाठीही त्यांनी प्लास्टरचा एक नमुना केला होता आणि तो फक्त लेकीला दाखवला होता. तेव्हा ती म्हणाली होती, "हात थरथरतात आता तुमचे. कशाला उगाच हसं करून घेताय?" त्यांनाही ते पटलं. नमुना कपाटात गेला तो गेलाच.

सवयीनं त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. पूल छान उठला होता, घड्याळाचा मनोराही. नदीकाठच्या घरांत तिसऱ्या मजल्यावरची एकच खिडकी उघडी होती आणि तिच्यात हनुवटी टेकून एक मुलगी बसली होती, तिळाएवढी. शाळेतून आली की लेक अशीच त्यांची वाट बघत बसायची; आपल्या नमुन्यात त्यांनी तीच कोरली होती.

"ही कोण?" त्यांनी जावयाला विचारलं.

जावयानं वाकून पाहिलं. "अरेच्चा, मुलगी आहे होय तिथं? ओघात कोरली गेली असेल."

बाबांनी भिंग लेकीपुढे धरलं. तिनं ते घेतलं नाही. कपबश्या गोळा करता करता, मान खाली घालून ती म्हणाली, "हात खरंच थरथरत होते हो तुमचे, बाबा."

भिंग धरलेला हात तिच्यासमोर तसाच होता. जराही हलत नव्हता.