समोरची पट्टी

अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायच्या खेळात मोहोपाड्याच्या अख्ख्या कॉलनीत मला कुणी हरवलेलं नाही. याला नशीब लागत नाही, पद्धत लागते. ‘दार’, ‘पणा’ अशी शेवटी येणारी अक्षरं मी सात सोंगट्या लावायच्या पट्टीवर आधी उजवीकडे सारते आणि उरलेली फिरवत राहते. सातही जुळली की शेवटची सोंगटी नखाने दोनदा वाजवते, मगच शब्द पटावर मांडते.

रविवारच्या स्पर्धेसाठी मी दुपारी एकटीच दोन्ही बाजूंनी खेळते. समोरच्या पट्टीवर सोंगट्या न बघता लावते. माझी खेळी झाली की उठून पलीकडे बसते.

या आठवड्यात पलीकडची बाजूच जिंकत होती. तिकडे जाऊन बसले की सात अक्षरांचा शब्द जुळलेलाच असायचा.

“एकटीच खेळतेस गं, आणि हरतेस पण?” ड्यूटीला निघालेला कमाल, माझा नवरा, हसत म्हणाला.

“हरवणारी पण मीच ना,” मी म्हटलं. सवयीची बोटं डोळ्यांच्या आधी शब्द जुळवतात, एवढंच.

तो गेल्यावर मी कडी घातली. माझी खेळी केली, पिशवीतून माझ्या पट्टीवर नव्या सोंगट्या लावल्या आणि पलीकडे जाऊन बसले. आज इथली अक्षरं विस्कटलेलीच होती. मला बरं वाटलं. दोन्ही हातांनी मी ती फिरवायला लागले.

तेवढ्यात समोर, माझ्या पट्टीवरच्या दोन सोंगट्या सावकाश उजवीकडे सरकल्या. उरलेल्या जागा बदलत राहिल्या.

मग त्या थांबल्या, आणि शेवटची सोंगटी नखाने दोनदा वाजली.