हेर काढल्यावर

आमच्या कुमासी शहरातल्या सेर्वा मावशींनी कॉम्प्युटरमधला हेरगिरीचा प्रोग्राम स्वतःच काढून टाकला आणि इंटरनेट बंद पडलं. कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरणाऱ्या मला हे रोजचंच आहे. असले प्रोग्राम वाटेतच ठाण मांडून बसतात; ते उपटले की वाटही उखडते.

"लवकर कर रे बाबा! तिकडे हॅम्बुर्गला नातीचं बारसं सुरू होईल," मावशी स्वयंपाकघरातून ओरडल्या. "आणि त्या मेल्या हेराला परत घरात घेऊ नकोस!"

मी नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग्ज पुसून नव्याने भरल्या. मोडेमचा दिवा लालच राहिला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अगू."

आमच्याकडे आत येऊ का म्हणून पाहुणा दारातून अशीच हाक देतो. मी जाऊन पाहिलं. फाटकाला आतून कडी होती. अंगणात फक्त कोंबड्या होत्या.

परत येऊन खुर्चीत बसलो, तर पुन्हा तेच. "अगू." या वेळी आवाज स्पीकरमधून आला. स्पीकरची वायर मी मघाशीच काढून ठेवली होती.

मी वायर उचलून पाहिली; ती सुटलेलीच होती. जन्माची सवय, मावशींनी आतूनच उत्तर दिलं, "अमे! या, आत या!"

दिवा हिरवा झाला.

मावशी पाण्याचे दोन ग्लास घेऊन आल्या. एक मला दिला. दुसरा त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे धरला.

"घ्या, पाणी घ्या. उभे का? बसा ना."

हात परत आला तेव्हा रिकामा होता.