बगदादचं आकाश

जयवंतरावांनी बायकोच्या दहाव्याला गिरीज गावच्या तळ्याकाठी पिंड मांडला, शेजारी तिनेच लेकासाठी उन्हात वाळवलेली केळ्यांची सुकेळी ठेवली, तरी कावळा शिवेना. लेक सुमेध इराकच्या कुर्दिस्तानात, एर्बिलच्या हॉटेलात आचारी. ड्रोन पडू लागल्यापासून अडकलेला. "अरे, तुमच्या कुर्दांचं स्वतःचं सरकार आहे ना?" त्यांनी फोनवर विचारलं. "आहे, बाबा. संसद आहे, झेंडा आहे, विमानतळसुद्धा आहे. आकाश तेवढं बगदादचं, त्यांनी बंद केलंय." "म्हणजे आपल्या जुन्या ग्रामपंचायतीची थोरली बहीणच!" म्हणत जयवंतरावांनी फोन ठेवला. भटजी म्हणाले, "जयवंतराव, आश्वासन द्या. लेक येईल म्हणा, कावळा शिवतो." गाव महापालिकेतून वगळण्याची आश्वासनं ऐकतच जयवंतराव म्हातारे झाले होते. त्यांनी हात जोडले. "मनोरमा, तो येणार नाही गं. मी जाईन तेव्हाही नाही." कावळा लगेच उतरला, पिंडाला शिवला आणि सुकेळी उचलून कुणालाही न विचारता आभाळात उडाला.