दोनशे चौदा

"नेहमी जे शोधता तेच शोधा," डिझायनर म्हणाला. "मी इथे नाहीच असं समजा."

खुर्चीतल्या बाई डॉक्टर होत्या, स्नायूंच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या. टेबलावर दोन पडदे होते. डावीकडे वैद्यकीय लेख शोधायची जुनी साइट, वीस वर्षांची, करडी, रडतखडत चालणारी. उजवीकडे तिचंच नवं रूप. शुक्रवारी नवी सुरू होणार आणि जुनी कायमची बंद. त्याआधी पाच डॉक्टरांनी ती वापरून बघायची होती आणि बाई पाचव्या होत्या. या चाचणीचा नियम एकच: वापरणारा अडो, चुको, वैतागो, डिझायनरने मिठाची गुळणी धरून बसायचं.

"मध्ये फोन आला तर मी घेईन," बाई म्हणाल्या. "धाकटी बहीण आहे. तिच्याच आजाराचं शोधते मी, दर सोमवारी अकराला. नऊ वर्षं झाली. ती फोन करून आकडा विचारते, मी शून्य म्हणते, मग आम्ही भाजी काय केली ते बोलतो."

"नऊ वर्षांत एकही लेख नाही?"

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "आज फोन घ्यायलाच हवा. चार दिवस झाले, श्वासाचा मास्क लावून घेत नाहीये. पुरे म्हणते."

 डिझायनरने घड्याळ सुरू केलं.

बाईंनी नव्या साइटवर आजाराचं लांबलचक नाव कळफलकाकडे न बघता टाइप केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर ठळक आकडा आला: २१४. त्याच्याखाली लेखांची रांग लागली. बाई जागच्या जागी थिजल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"किती?" पलीकडून आवाज आला. हॅलो नाही की काही नाही.

"दोनशे चौदा." बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"ताई, परत सांग."

"दोनशे चौदा. अगं, मीही आत्ताच बघतेय. थांब जरा, वाचते आणि तुला..."

"वाच. तू वाच आधी," म्हणून धाकटीने फोन ठेवलाही.

 डिझायनरला ते दोनशे चौदा लेख कसले ते ठाऊक होतं. पहिल्याच मीटिंगमध्ये साहेब म्हणाले होते, दारी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही. शून्य दिसलं की माणसं साइट सोडून जातात, हे त्यांनी आलेख काढून दाखवलं होतं. त्यावर तोड डिझायनरनेच काढली. काही सापडलं नाही, तर मिळत्याजुळत्या आजारांचे लेख दाखवायचे. साहेबांनी पाठ थोपटली होती. लेख मिळतेजुळते आहेत असं सांगणारी एक ओळही होती, आकड्याच्या खाली, बारीक आणि फिकट. गडद केली तर डोळ्यांत खुपते, म्हणून त्यानेच ती फिकट केली होती.

बाईंनी पहिला लेख उघडला. तो दुसऱ्याच आजाराचा होता. दुसऱ्या लेखातल्या आजाराच्या नावाची तेवढी सुरुवात जुळत होती. तिसरा उंदरांवरचा. असेल, खाली असेल, असं पुटपुटत त्या एकेक उघडत राहिल्या. बारावा, विसावा, चाळिसावा.

घड्याळ चालू होतं. आधीचे चौघे दोन-दोन मिनिटांत उठले होते. बाईंना सव्वीस मिनिटं झाली. साहेबांच्या हिशेबात ज्याला जास्त वेळ लागतो तो साइटवर जास्त रमला. म्हणजे आजवरचा सगळ्यात चांगला निकाल बाईंचा होता. डिझायनरला स्वतःची लाज वाटली. तरी तो गप्प बसला. नियम होता, आणि नियम नसता तरी त्याला धीर झाला असता असं नाही.

शेवटी बाईंना ती फिकट ओळ दिसली. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेऊन ती दोनदा वाचली. मग खुर्ची डावीकडे सरकवली आणि जुन्या साइटवर तेच नाव टाइप केलं. जुनीने नेहमीसारखा वेळ घेतला. मग शून्य दाखवलं.

"हिने मला कधी फसवलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा पोहरा मात्र भरून आला."

"ती ओळ मी गडद करतो," डिझायनर म्हणाला. "आजच करतो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "आता काय सांगू मी तिला?"

फोन पुन्हा वाजला. या वेळी आई होती. दबक्या आवाजात, धाकटीला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलत होती.

"अगं, तिने मास्क मागितला. आपणहून मागितला. पट्टा नीट आवळ म्हणाली मला." आई थांबली. "तिला बरं वाटावं म्हणून नाही ना काही सांगितलंस? तिला नको सांगू हवं तर. मला तरी खरं सांग."

बाईंच्या समोर अजून जुनीच साइट उघडी होती. त्यांनी त्या शून्याकडे बघितलं.

"खरंच, आई," त्या म्हणाल्या. "दोनशे चौदा."