झोपमोड

अंगणवाडीच्या ताई कशेळ्याहून वर वाडीत आल्या आणि सगळ्या आयांना बसवून बोलल्या, "पोरांना पोटभर झोपू द्या. दुपारी पण. काकडीच्या वेलासारखी पोरं झोपेतच वाढतात." बुधीच्या मांडीवर बसलेली तिची चार वर्षांची चिमा कान टवकारून ऐकत होती.

तेव्हापासून चिमाचा थोरला भाऊ मनोज जरा आडवा झाला, की चिमा हजर. कधी त्याच्या कानात गवताची काडी, कधी नाकावर मुंगळा. आज तर बिचारा जेवताना भाताचा घास तोंडात धरूनच पेंगायला लागला, तशी हिनं त्याच्या मानेवर गार पाण्याचा तांब्या ओतला.

बुधी वैतागली. "चिमे, झोपू दे की गं त्याला! ताई काय बोलल्या, ऐकलं नाय का? झोपला तर वाढंल ना तो!"

"ऐकलंय," रिकामा तांब्या पाठीमागं लपवत चिमा पुटपुटली.



"पण तूच बोललीस ना आये, मोठा झाला का दादाला आश्रमशाळंत ठेवून यायचा?"