सूर्यभानचा टर्बो

इंजिनात जोरानं हवा कोंबणारा टर्बो कुठूनसा मिळवून आबासाहेब आपली जुनी मोटार घेऊन पूर्णा गावातल्या गॅरेजात आले.

"मालक, हे कार्बोरेटरचं इंजिन हाय. एवढी हवा झेपायची न्हाई, पिस्टन वितळतील," मिस्त्री सूर्यभान चार जणांदेखत हात जोडून म्हणाला.

"आता तू शिकवणार व्हय रे मला? बसव गुमान!"

सूर्यभाननं टर्बो मन लावून बसवला. मोटार भन्नाट सुटली.

डबा घेऊन आलेली बायको, सगुणाबाई, उखडलीच. "नामांतराच्या दंगलीत ह्याच गाडीतून येऊन त्यानं आपलं घर पेटवलं, अन् तुमी त्यालाच सावध करायलाव?"

सूर्यभाननं शांतपणे हात पुसले.

"अगं, मी नको म्हणलं म्हणून तर त्यानं बसवून घेतला."